एक लाख व्होल्टची वाटी

आमच्या शेडमध्ये शिरायचं तर आधी दारात डोकं पुढे करावं लागे. सर त्याचा वास घेत. खोबरेल आढळलं, तर आल्या पावली परत. पावडर, अत्तर, विडी, तंबाखू, देवापुढच्या उदबत्तीचा शर्टात अडकलेला वास, यांतलं काहीही चालत नसे. नागापूरच्या एमआयडीसीत सकाळी आठच्या भोंग्याला हजारो माणसं कामावर शिरायची, पण डोक्याचा वास देऊन आत शिरणारे आम्ही दोघंच होतो.

मला पहिल्याच दिवशी परत पाठवलं. बी.एस्सी. होऊन श्रीगोंद्याहून नगरला मावशीकडे राहायला आले होते, आणि नोकरीचा पहिला दिवस म्हणून मावशीनं प्रेमानं माझ्या डोक्यावर अर्धी बाटली रिती केली होती. सरांनी हुंगलं, डोळे मिटले, आणि एखाद्याला दुःखद बातमी द्यावी तशा आवाजात म्हणाले, "उद्या ये. शिकेकाईनं धू. दोनदा धू." माझा नोकरीचा पहिला दिवस पाच मिनिटांत संपला. मावशीला वाटलं, नोकरी गेली. मला वाटलं, वेड्याच्या हाती लागले. दोघींचंही अर्धं अर्धं खरं होतं.

शेजारच्या शेडमध्ये ट्रॅक्टरचे भाग बनत, पलीकडे मोटारींच्या स्प्रिंगा. आमच्याकडे काय बनतं हे विचारणाऱ्याला सर "पोकळी" असं सांगत आणि पुढे चालू लागत. त्यामुळे चहाच्या टपरीवर आमची कीर्ती विचित्र होती. कुणी म्हणे बॉम्ब बनवतात, कुणी म्हणे दिवाळखोरीत निघालेला माणूस आहे, नुसता शेडमध्ये बसून असतो.

खरं असं होतं, की सर परदेशात एका मोठ्या प्रवेगकावर बरीच वर्षं काढून आलेले होते. प्रवेगक म्हणजे इलेक्ट्रॉनांना पळवत पळवत प्रकाशाच्या वेगाच्या जवळ नेऊन कशावर तरी आपटायचं यंत्र. सरांचं काम पळवण्याचं नव्हतं, पळणारे पुरवण्याचं होतं. आणि तेही साधेसुधे नव्हेत. साध्या उगमातून निघणारे इलेक्ट्रॉन एस.टी.तून उतरणाऱ्या माणसांसारखे वाटेल तिकडे तोंड करून निघतात. सरांना सगळे एका तोंडाचे लागत. त्याला ध्रुवित इलेक्ट्रॉन म्हणतात. नखाएवढी गॅलियम आर्सेनाइडची चकती घ्यायची, तिच्यावर सीझियम धातूचा एका अणूच्या जाडीचा थर द्यायचा, आणि पीळ घातलेला लेसरचा उजेड तिच्यावर सोडायचा, की इलेक्ट्रॉन एकाच दिशेनं स्वतःभोवती गरगरत बाहेर येतात.

मला हे समजावताना ते म्हणाले, "समज, ते भोवऱ्यासारखे फिरतात. तसे फिरत नाहीत. पण तू समज." पुढे मी एम.एस्सी. केलं, तिथेही याहून बरं स्पष्टीकरण मला कुणी दिलं नाही.

सगळी मेख त्या सीझियमच्या थरात होती. तो इतका नाजूक, की हे सगळं ज्या बंद पोलादी पात्रात चाले त्यात हवेचा मागमूस राहिला तरी मरे. "मरतो" हा सरांचाच शब्द. पात्राच्या आत कुठे बोटाचा ठसा उमटलेला असेल, तर त्या ठशातलं तेल महिनोन्‌महिने वाफ सोडत राहतं आणि थर मारतं. म्हणून सरांचा माणसाच्या बोटांवर राग होता. स्वतःच्या बोटांवरसुद्धा. दार कोपरानं उघडत. फोन रुमालानं उचलत. रस्त्यानं जाताना दोन्ही हात छातीशी, पंजे वर, जणू आत्ताच कुणाचं पोट फाडून आलेत. पलीकडच्या स्प्रिंगवाल्या मालकाच्या मुलीच्या लग्नाला गेले तेव्हा अक्षता त्यांनी खिशातला चिमटा काढून त्यात धरल्या आणि मंगलाष्टकांच्या शेवटी एकेक दाणा नवरानवरीवर टाकला. नवरदेवाचे मामा मला विचारत होते, यांचा काही नवस आहे का. मी हो म्हणाले.

परत का आलात, असं त्यांना सगळे विचारत. आईच्या आजारपणामुळे, बायको सोडून गेली म्हणून, तिकडे भांडण झालं म्हणून, अशा तीन कथा नागापुरात फिरत होत्या. मी एकदा सरळच विचारलं. ते म्हणाले, "तिकडे सगळंच स्वच्छ होतं. मजा नव्हती."

मजा इथे भरपूर होती. उन्हाळ्यात दुपारी वावटळ सुटली, की सर पत्र्याच्या फटींना ओले फडके लावत धावायचे. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की चार दिवसांची कमाई पाण्यात. मग ते आवारात जाऊन विजेच्या खांबाकडे बघत उभे राहायचे. नुसतं खांबाला लाजवायचा प्रयत्न करायचे.

पात्रातली शेवटची वाफ काढायला ते भाजावं लागे. पात्राला बाहेरून तापणाऱ्या पट्ट्या गुंडाळायच्या, वरून चंदेरी कागद, आणि दोनशे अंशांवर चार-पाच दिवस ठेवायचं. आतलं पोलादात मुरलेलं पाणी हळूहळू निघतं, ते पंप ओढून घेतो. अशाच एका भाजणीच्या वेळी सर दुपारी आत आले आणि थबकले. नाक वर केलं. चंदेरी कागदावर दोन बाजरीच्या भाकरी शेकत होत्या.

भाकरी मामांच्या होत्या. मामा म्हणजे आमचे पॉलिशवाले. मूळचे कोल्हारचे, साठीकडे झुकलेले, सगळं आयुष्य स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात घासण्यात गेलेलं. सरांनी त्यांना तिथून मुद्दाम शोधून आणलं होतं, कारण आरशासारखं पोलाद कुठल्याही यंत्रापेक्षा मामांचा अंगठा ओळखतो, असं त्यांचं मत होतं. मामांचा अंगठा हाच एक अंगठा सरांना मान्य होता, तोही हातमोज्यात.

"मामा, हे काय आहे?"

"भाकरी हाय, सायेब."

"या पात्रातून पाण्याचा एकेक रेणू काढायला मी चार दिवस जागतोय, आणि तुम्ही त्यावर भाकरी ठेवता?"

मामांनी शांतपणे भाकरी उलटली. "पानी आतलं काढायचंय ना, सायेब? भाकरी भायेर हाय."

सर पात्राकडे बघत राहिले, मग भाकरीकडे, आणि म्हणाले, "बरोबर आहे." दुसऱ्या दिवसापासून एकच्या सुमाराला त्यांचीही भाकरी कागदावर असे. हा माणूस हट्टी होता, विक्षिप्त होता, पण मुद्दा बरोबर असला की तो कोण मांडतोय हे बघत नसे. मी नंतर पुष्कळ मोठी माणसं पाहिली. हा गुण फारसा दिसला नाही.

एका सरकारी प्रयोगशाळेनं मोठ्या मिनतवारीनं सरांना एक काम दिलं होतं. प्रयोगशाळेला ध्रुवित इलेक्ट्रॉनांची बंदूक हवी होती, म्हणजे ते सगळं पात्र, चकती आणि त्या इलेक्ट्रॉनांना पहिला धक्का देणारा विद्युत दाब. बंदूक परदेशातून मागवायचं जवळजवळ ठरलेलं. सरांनी वर्षभर पत्रं लिहून, जाऊन, भांडून एकच संधी मिळवली होती: तुम्ही बनवा, एक लाख व्होल्टवर तासभर टिकवून दाखवा, टिकली तर तुमची घेऊ. नाही टिकली तर पुन्हा तोंड दाखवू नका, हे प्रयोगशाळेनं सभ्य इंग्रजीत लिहिलं होतं.

या एक लाख व्होल्टचा सगळा भार एका वाटीवर होता. वाटी हे नाव मामांचं. पोलादाची, दोन ओंजळींएवढी, बूड पुढे करून पात्रात बसवायची, आणि बुडाच्या मध्ये भोक, त्यात ती नखाएवढी चकती. मामांनी ती पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा भोकातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, सायबांस्नी इचारा, भोक बुजवून देऊ का? झाक बुजवून देतो, कळायचं न्हाई." भोक ठेवायचंय हे कळल्यावर त्यांना वाईट वाटलं.

वाटीच्या अंगावर एक ओरखडा, एक टोक राहिलं, तर एवढ्या दाबाखाली तिथूनच भलतेच इलेक्ट्रॉन उसळतात, ठिणग्या पडतात, वाफ सुटते आणि सीझियम मरतं. म्हणून मामा ती वाटी सहा आठवडे घासत होते. हिऱ्याची भुकटी, मऊ कापड, अंगठा. रोज संध्याकाळी सर भिंग लावून बघत आणि "अजून" म्हणत. सहाव्या आठवड्यात एका शुक्रवारी त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि "अजून" म्हटलं नाही. मामांनी डोळे पुसले. मीही. वाटी स्वच्छ कागदात गुंडाळून डब्यात गेली. सोमवारी बसवायची, पुढच्या सोमवारी प्रयोगशाळेची माणसं येणार.

शनिवारी सर पुण्याला गेले होते. दुपारी मामा माझ्या टेबलाशी आले.

"ताई, सायबांचं नाव कागदावर लिवून द्या. झाक लिवा. खाली त्यांच्या सगळ्या डिग्र्या."

"कशाला, मामा?"

"भांड्यावर घालायचंय."

दिवाळी तोंडावर होती. मला वाटलं, मामा सरांना तांब्या नाहीतर फुलपात्र भेट देणार. आमच्याकडे स्टीलचं भांडं नावाशिवाय कुणी देत नाही, घेतही नाही. मी मन लावून लिहिलं. माझे वडील प्राथमिक शिक्षक, घाणेरडं अक्षर काढलं तर पाटी पुसून पुन्हा लिहायला लावायचे, त्यामुळे माझं अक्षर बघण्यासारखं आहे असं लोक म्हणतात. नाव लिहिलं, पदव्या लिहिल्या, खाली एक नक्षीची वेलही काढली. मामा खूश होऊन गेले.

सोमवारी सरांनी डबा उघडला, कागद सोडवला, वाटी उजेडात धरली आणि वाचू लागले. बुडावर, भोकाभोवती गोल, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं त्यांचं नाव. खाली पदव्या. खाली वेल. कापडबाजारातल्या भांडीवाल्याच्या नाव घालायच्या यंत्रानं माझं अक्षर जसंच्या तसं उचललं होतं.

मामा अभिमानानं उभे होते. "सायेब, भांडं घराभायेर चाललं की नाव पायजे. लग्नात बगता ना, भांडी बदलून येत्यात. ही तर सरकारी मानसं. तिकडं धा वाट्या आसतील, तुमची ठिवून घेतील न् दुसरी देतील. सहा आठवडे घासलीय म्या. आन् आतून न्हाई घातलं, बुडाला घातलंय. वापरायला अडचन न्हाई."

आपल्या स्वयंपाकघरात वाटीचं बूड खाली असतं, त्याला कुणी विचारत नाही. आमच्या वाटीचं बूडच तेवढं कामाचं होतं. सहा आठवड्यांत कुणी हे मामांना सांगितलं नव्हतं. मी सांगितलं नव्हतं, सरांनी सांगितलं नव्हतं. आम्ही त्यांचा अंगठा वापरत होतो, बाकीच्या मामांशी आम्हाला कर्तव्य नव्हतं.

सर बराच वेळ वाटी फिरवत राहिले. मी वाट बघत होते की आता छत उडेल. ते म्हणाले, "शुद्धलेखन बरोबर आहे." मग वाटी परत कागदावर ठेवली. "कारणही बरोबर आहे, मामा. जागा चुकली."

मग त्यांनी खाली बसून मामांना सगळं समजावलं. मामांचा चेहरा बघवत नव्हता. माझं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. सर एकदा माझ्याकडे बघून गेल्यासारखे वाटले, मी रोजचे आकडे लिहायच्या रजिस्टरात मान घातली.

मामा दोन दिवस, दोन रात्री घासत बसले. सर शेजारी बसून त्यांना कापडं देत होते. अक्षरं पुसट झाली, पण ठिपके खोल गेलेले होते. अजून घासलं असतं तर वाटीचा आकारच बिघडला असता. बुधवारी वाटी बसवली, भाजणी जेमतेम केली, आणि सोमवारी पाहुणे आले. दोन अधिकारी, एक वयस्क, एक तरुण, दोघांच्या डोक्याला तेल. सरांनी त्यांनाही दारात हुंगलं. मला वाटतं, काम तिथेच निम्मं गेलं.

दाब चढवायला सुरुवात झाली. दहा हजार, वीस हजार, तीस हजार. मी आकडे मोठ्यानं वाचत होते. चाळीस हजारांवर पात्राच्या खिडकीची काच निळी उजळली, कडकड आवाज आला, आणि मापकाचा काटा वेड्यासारखा धावला. सरांनी दाब उतरवला. पुन्हा चढवला. पुन्हा चाळीसच. पाचव्यांदा वयस्क अधिकारी म्हणाले, "राहू द्या. उघडून बघू."

उघडलं. तरुणानं बॅटरीचा झोत आत टाकला. ठिणग्यांनी एकेक ठिपका काळा केला होता. मामांनी दोन दिवस पुसलेलं नाव आता गेल्या सोमवारपेक्षा स्वच्छ वाचता येत होतं. पदव्यांसकट. वेलीसकट.

"हे काय आहे?" वयस्क अधिकाऱ्यांनी विचारलं. माणूस वाईट नव्हता तो. त्यानं सरांना बाजूला घेतलं, पण शेड लहान, सगळं ऐकू येत होतं. "हे बघा, कामगाराची चूक असेल तर तसं लिहून द्या. त्याला काढून टाका, शिकलेला माणूस घ्या. मी तुम्हाला तीन महिने मिळवून देतो."

मामा चार हात लांब उभे होते. त्यांचे ओठ हलायला लागले. मी रजिस्टर छातीशी धरून उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. मामांना काढलं तर या वयात त्यांना कुणी घेणार नव्हतं, आणि मला काढलं तर मावशी परत श्रीगोंद्याला पाठवणार होती, जिथे स्थळ बघून ठेवलेलं होतं. मी माझा विचार केला. मला त्याची लाज वाटते, तेव्हाही वाटली.

सर म्हणाले, "नाव वाचता येत नाही का? माझं आहे. मीच घातलं."

"तुम्ही? इलेक्ट्रोडवर?"

"वाटलं, नाव राहावं," सर म्हणाले, अगदी सरळ चेहऱ्यानं.

तरुण अधिकारी खोकला. तो खोकला नव्हता. वयस्कांनी फाईल मिटली, दोघं गाडीत बसले आणि गेले. सर म्हणजे तो माणूस, ज्यानं शेडवर पाटी लावली नव्हती, म्हणून पोस्टमन आमची पत्रं स्प्रिंगवाल्याकडे टाकायचा. ज्याला मी एकदा पाटीबद्दल विचारलं तर म्हणाला होता, "इलेक्ट्रॉनला नाव नसतं, म्हणून तो कामाचा."

मामा त्या संध्याकाळी सरांवर ओरडले. मी त्यांना ओरडताना तेवढं एकदाच ऐकलं. "सायेब, माजं नाव सांगायचं हुतं. म्या कुटं बी भांडी घासली आसती."

"आणि माझी पुढची वाटी?" सर म्हणाले.

पुढची वाटी आली नाही. बंदूक परदेशातून आली. सर नंतर कारखान्यांचे पंप दुरुस्त करत राहिले. तेलानं माखलेले, काळेकुट्ट पंप. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे असायचे आणि तरी ते दारात डोक्याचा वास घ्यायचे, सवयीनं. मामा शेवटपर्यंत त्यांच्याकडेच होते.

मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले होते. म्हटलं, "सर, ते मी लिहून दिलं होतं."

"माहीत आहे. मी रोज रजिस्टर वाचतो."

"मग तुम्ही काल..."

"आकडे लिहिलेस का आजचे?"

लिहिले नव्हते. मग लिहिले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि मीही काढला नाही, कारण मला ते सोयीचं होतं.

सर गेले त्याला काही वर्षं झाल्यावरची गोष्ट. मी तेव्हा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. शिक्षकांच्या उजळणी वर्गाला पाठवलं होतं, समोर दीडेकशे प्राध्यापक, आणि प्रवेगकांवर व्याख्यान द्यायला एक मोठे शास्त्रज्ञ आलेले. बोलायची हातोटी छान होती. जेवणानंतरची झोप उडवायला ते म्हणाले, "पूर्वी नगरकडे एक गृहस्थ होते. ध्रुवित इलेक्ट्रॉनांची बंदूक बनवायला निघाले. एक लाख व्होल्टचा इलेक्ट्रोड, आरशासारखा, आणि त्यावर या महाशयांनी काय केलं असेल? स्वतःचं नाव कोरलं. पदव्यांसकट. खाली वेलबुट्टी. आमच्याकडे अजून कुणी फार मिरवायला लागलं, तर आम्ही त्याला विचारतो, वाटीवर नाव घातलंस का?"

सभागृह कोसळलं. दीडशे माणसं हसत होती. सांगणाऱ्याला बरोबर जागा घेता येत होती, वेलबुट्टीच्या आधी तो नेमका थांबला होता, आणि मीही हसले. खरंच हसले. हसताना शेजारच्या बाईंच्या खांद्यावर मी हातही ठेवला, आणि मग मला माझंच हसू ऐकू आलं.

मी उभी राहिले.

"प्रश्न शेवटी घेऊ, मॅडम," ते म्हणाले.

"प्रश्न नाही. ते अक्षर माझं आहे."

कुणाला काही कळलं नाही. दोन-तीन जण अजून हसत होते. मी पहिल्यापासून सांगायला लागले, दारातल्या वासापासून. माझा आवाज फाटत होता, मी तो फाटू दिला. मध्येच आयोजक लगबगीनं पुढे आले, हळूच म्हणाले, "मॅडम, चहाची वेळ झालीय."

"होऊ दे," मी म्हणाले. "बसा."

आणि ते बसले.